चौदा अंगठे

सांगली, १९ नोव्हेंबर १९४४

शरयू,

पाकिटावरचा पत्ता मी इथल्या कंपाउंडरकडून लिहवून घेतला आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट फोडलंच नसतंस. पत्ता मामाच्या हरीने दिला. तू जबलपूरला लष्करी इस्पितळात मोठी नर्स आहेस हेही त्यानेच सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याच्या पाठीस लागले.

आधी कामाचं. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत बक्षीस-समारंभासाठी मी साताऱ्याहून आले होते. व्यासपीठाला पायऱ्या होत्या तीन, मी मोजल्या दोन. डाव्या मांडीचं हाड मोडलं. इथल्या धर्मार्थ रुग्णालयात आणून टाकलं, त्याला आज चौदा दिवस झाले. पाय फळीवर बांधला आहे. घोट्याकडून एक दोरी निघते, कप्पीवरून खाली जाते आणि तिच्या टोकाला वाळूची पिशवी लोंबते. ती रात्रंदिवस पाय ओढते. खाटेचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवलेले, त्यामुळे डोकं खाली. कूस बदलायची नाही. डोक्यावर एक दांडी आहे, तिला धरून कंबर चार बोटं उचलता येते, तेवढीच माझी हालचाल. छताला सत्तावीस वासे आहेत. डावीकडे भिंत आणि उजवीकडे साळूबाई नावाची शेतकरीण. डॉक्टर म्हणतात, बारा आठवडे. तुझ्याकडे असे पाय रोज येत असतील. बारा आठवडे खरंच लागतात, की हे लोक वेळ काढतात, ते कळव. पत्राचं कारण एवढंच.

कागद उरला आहे म्हणून इथली व्यवस्था सांगते. व्यवस्था नाही. चादर दोन दिवसांआड बदलायची असा नियम भिंतीवर लावला आहे, ती पाचव्या दिवशी बदलतात. उशाला घंटा दिली आहे, ती वाजवून पाव तास झाला तरी कोणी येत नाही. चहा निवलेला. दिवसा बायकांच्या दालनाला एकच नर्स, लीलाबाई, रहिमतपूरची. पन्नाशीला आलेली बाई, पण आवाज सबंध दालनभर. येईल तिला अगं-तुगं. एकटी मीच 'बाई', आणि तेही असं म्हणते की त्यापेक्षा अगं-तुगं बरं. दुपारी डोळा लागला की नेमकी येऊन अंथरूण हलवते.

मी गप्प बसणारी नाही हे तुला माहीत आहे. इथे अभिप्रायवही आहे. घरी जाताना प्रत्येक रोग्याने तिच्यात दोन ओळी लिहायच्या; कमिटी दर महिन्याच्या बैठकीत ती वाचते. कमिटीचे अध्यक्ष दादासो पाहणीला आले होते. मी बी.ए. आहे, शाळेची मुख्याध्यापिका आहे, हे डॉक्टर चिंतामणरावांनी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमचा अभिप्राय आम्हाला आत्ताच हवा. घरी जाताना नको." मी उताण्या अवस्थेत लिहिला. नक्कल देते:

"चादरी नियमाप्रमाणे बदलल्या जात नाहीत. घंटा दिल्यावर परिचारिका वेळेवर येत नाही. परिचारिका लीलाबाई यांचे बोलणे सभ्यतेला सोडून असते. विश्रांतीच्या वेळी अंथरूण हलवून त्या रुग्णास व्यत्यय आणतात."

चार वाक्यं, चारही खरी.

शिवाय एक काम अंगावर आलं. इथल्या बहुतेक बायकांना लिहिता येत नाही. आजवर कंपाउंडर सगळ्यांच्या नावे 'सोय चांगली आहे' एवढंच खरडायचा. डॉक्टर म्हणाले, "विनोदिनीबाई, तुम्ही लिहाल का? कमिटीपुढे जरा बरं मराठी जाईल." मी होकार दिला. त्या सांगतात, मी लिहिते, खाली अंगठा.

तुझी पत्रं दुरुस्त करून परत पाठवायची तशीच ही सवय. तुला त्याचा राग आला होता असं हरी म्हणाला. नागपूरहून आलेली तुझी चारही पत्रं मी लाल शाईने तपासून परत पाठवली, कारण कोणत्याही विद्यार्थिनीचा निबंध मी असाच तपासला असता. काही ओळी गाळायला सांगितल्या असतील. विषयाला धरून लिहावं, एवढंच त्यात होतं. तू तेवढ्यावरून लिहिणं का थांबवलंस आणि मुळात पुणं सोडून नागपूरला का गेलीस, हे मला अजून समजलेलं नाही.

बारा आठवड्यांचं मात्र कळव.

— विनोदिनी

सांगली, ३ डिसेंबर १९४४

शरयू,

उत्तर नाही. टपाल हल्ली रखडतं, तेव्हा तुला दोष देत नाही.

पाय तसाच. साळूबाई तासगावकडची आहे. उसाच्या चरकात तिचा हात गेला, दोन बोटं कापावी लागली. तिचा मुलगा जोतिबा फौजेत इटलीला आहे. रोज सकाळी तिच्या हाताचं बँडेज सोडतात. तो प्रकार ऐकवत नाही. लीलाबाई तिला म्हणते, "ओरड, साळे, मोठ्यानं ओरड. तासगावात सासूला ऐकू जाऊ दे." आणि साळूबाई खरोखरच सासूच्या नावाने ओरडते. मग दोघी हसतात. रुग्णालयात असं चालतं का? तुमच्याकडे चालत नसेल.

काल बनुबाई घरी गेली. पोरसवदा आहे, टायफॉइडने महिनाभर पडून होती. कंपाउंडर वही घेऊन आला. मी विचारलं, "काय लिहू?"

ती माझ्या खाटेच्या कडेला बसली. "लिवा, मी आले तवा मला वाटलं, आता मेले. लीलाबाईनं माजं डोस्कं मांडीवर घिऊन पेज पाजली. मी तिच्या लुगड्यावर वकले. लय वकले. म्या म्हनलं, तुमचं लुगडं गेलं. तर म्हनाली, लुगडं दुसरं हाय, बनी दुसरी कुठनं आनू?"

मी लिहिलं: "येथील आहार व औषधोपचार यांची व्यवस्था समाधानकारक आहे. डॉक्टरसाहेब दक्ष असतात." आणि वाचून दाखवलं.

"आवं, ह्यात लीलाबाई कुठं हाय?"

"'व्यवस्था' या शब्दात सगळे आले."

पलीकडून साळूबाई म्हणाली, "व्यवस्था म्हंजे कोन वो, मास्तरीणबाई? नवी आलीया का? आमी अजून बघितली न्हाई."

सगळं दालन हसलं. आजारी बायका इतक्या हसतात हे मला माहीत नव्हतं. बनुबाईने अंगठा उठवला आणि गेली.

माझं चुकलं असं मला वाटत नाही. संस्थेच्या वहीत उलटीचं वर्णन कोणी लिहीत नाही. एका व्यक्तीचं नाव घेऊन स्तुती करणंही प्रशस्त नव्हे. उद्या दुसरीला वाईट वाटेल. अप्रस्तुत ते गाळायचं, एवढाच माझा नियम. तू म्हणशील, तुझ्या अभिप्रायात नाव आहे ते कसं? तक्रारीत नाव घालावंच लागतं, नाहीतर ती कोणाविषयी आहे ते कळत नाही.

या बायका रुग्णालयाची पारख कशावरून करतात ते ऐकून तर मी थक्क झाले. औषध कोणतं, निदान बरोबर की चूक, चादर स्वच्छ आहे का, याबद्दल एकीला काही म्हणायचं नसतं. कोण जवळ बसलं, कोण काय बोललं, कोणी नावाने हाक मारली, एवढंच सांगतात. त्यातून मला दोन वाक्यं काढायची असतात. सोपं काम नव्हे.

— विनोदिनी

सांगली, ११ डिसेंबर १९४४

शरयू,

तुझं कार्ड पोचलं. मायना नाही, सही नाही. तीन ओळी. मी त्या पाठ केल्या आहेत, दुसरं काही वाचायला नाही म्हणून.

"बारा आठवडे बरोबर आहेत. पाठीला, माकडहाडाला, टाचांना चट्टे पडले आहेत का? पडले नसतील तर रोज तुझी पाठ कोण बघतं? तिचं नाव कळव."

माझ्या प्रश्नाला चार शब्द, बाकी कार्डभर तुझाच प्रश्न. मला तो कळलाच नाही. चट्टे म्हणजे काय, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, महिना महिना उताणं पडलेल्या माणसाची कातडी खालून सडते. आधी लाल होते, मग फुटते, मग हाडापर्यंत भोक पडतं. पुष्कळ जण मोडलेल्या हाडाने मरत नाहीत, त्या चट्ट्याने मरतात.

"मला आहेत का?"

"नाहीत."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी कशाला? लीलाबाई बघतात."

"मग नाहीत हे कशावरून?"

"असते तर वास आला असता," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले. माणूस वाईट नाही. शंभर खाटांना हे एकच डॉक्टर आहेत.

दुपारी लीलाबाई आली. नेहमीप्रमाणे दांडीला धरायला सांगितलं, दोन्ही हात पाठीखाली घातले आणि चोळू लागली. एरवी मी या वेळी डोळे मिटून घेते. हा प्रकार मला लाजिरवाणा वाटतो. आज विचारलं.

"हे दिवसातून कितीदा करता?"

"चारदा. तुमाला तीनदाच वाटत आसंल. येकदा तुमी रागानं झोपल्याचं सोंग घेता."

"नेमक्या दुपारीच कशाला?"

"सकाळधरनं दाबून ऱ्हायलेली कातडी दुपारपतुर कढते. तुमची झोप बघत बसले तर तुमची पाठ जाईल."

तेलाचा वास आला. मी म्हटलं, भिंतीवर तर स्पिरिट आणि पावडर लिहिलं आहे.

"स्पिरिट दिवाळीधरनं न्हाई. लढाईवर गेलं सगळं. हे माज्या घरचं खोबरेल हाय."

"आणि घंटा?"

तिने हात न थांबवता उत्तर दिलं. "बत्तीस खाटा हायत, बाई. घंटा वाजली की पळत जायाचं, आमाला तसंच शिकवलंय. पर हात येकीच्या पाठीखाली असला तर काडायचा कसा? काडला की ती आपटती."

चादरीचं विचारायची गरज नव्हती. साबण नाही, हे मी स्वतः डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे. ते ऐकल्यावर चादरीचं वाक्य लिहिलं होतं, की त्याआधी, ते आता आठवत नाही.

तिला मी माझ्या अभिप्रायाबद्दल काही बोलले नाही. तिनेही काही विचारलं नाही. कदाचित तिला माहीत नसेल.

तू नाव विचारलंस. लीलाबाई.

— अक्का

सांगली, १६ डिसेंबर १९४४

शरयू,

लीलाबाईला १ जानेवारीपासून कामावर येऊ नये अशी चिठ्ठी मिळाली आहे. 'सुशिक्षित रुग्णाचा लेखी अभिप्राय विचारात घेऊन.'

डॉक्टरांना बोलावलं. ते खुर्ची ओढून बसले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच बसले.

"मी सांगितलं कमिटीला," ते म्हणाले. "दोनदा सांगितलं. म्हटलं, ही बाई गेली तर दालन बसेल. दादासो म्हणाले, तुमचं तोंडी, बाईंचं लेखी. तरी ते घाईने वागले नाहीत. तुमचा अभिप्राय आल्यावर महिनाभर थांबले. म्हणाले, दुसऱ्या रोग्यांना काय वाटतं ते बघू. महिन्यात चौदा बायका घरी गेल्या. चौदा शेऱ्यांपैकी एकातही लीलाबाईंचं नाव नाही. तुमच्यात आहे."

त्या चौदांपैकी बारा जणींनी तिचं नाव घेतलं होतं. मी मोजलं. छताकडे बघत एकेक आठवली. एकीने तर दुसरं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त 'लीलाबाई' म्हणून रडली होती. तिच्या नावे मी 'स्वच्छता ठीक' असं लिहिलं.

दादासोंना चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं, कमिटी तेवीस तारखेला पाहणीला येईल तेव्हा बघू. आज सोळा तारीख आहे. मला उठता आलं असतं तर त्यांच्या दारात जाऊन बसले असते. पण वाळूची पिशवी मला जागेवरून हलू देत नाही. मी शाळेत मुलींना बाकावर उभं करत असे. किती वेळ, त्याचा विचार कधी केला नाही.

दालनात माझ्याशी कोणी बोलत नाही. लीलाबाई बोलते, पूर्वीइतकंच, आणि पाठ चारदा बघते. त्यात फरक नाही, हे सोसणं सगळ्यात अवघड आहे. साळूबाईने काल कंपाउंडरकडून जोतिबाला पत्र लिहवून घेतलं. मी म्हटलं, मी लिहिते, माझं अक्षर चांगलं आहे. ती छताकडे बघून म्हणाली, "नगं. तुमी लिवलं तर पोराला वाटंल, आई मेली आन दुसरीच कुनीतरी लिवतीया."

आता दुसरी गोष्ट. ती या पत्रात घालायची नाही असं मी दोनदा ठरवलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू पुणं सोडून का गेलीस ते मला समजलेलं नाही. ते खोटं आहे. १९२५ साली पुण्याच्या नर्सिंगच्या वर्गाने अप्पांकडे तुझ्याविषयी पालकाचा दाखला मागितला. अप्पांनी तो माझ्याकडे टाकला. दाखला मी लिहिला, त्यांनी नुसती सही केली. "आज्ञाधारक. स्मरणशक्ती साधारण. रक्त पाहून दोनदा घेरी आली आहे. रुग्णांशी वाजवीपेक्षा अधिक बोलण्याचा संभव." त्यांनी तुला घेतलं नाही. चार वाक्यं होती, शरयू. चारही खरी होती. एकोणीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले.

त्याच्या आदल्या वर्षी आई आठ महिने अंथरुणावर होती. मी शाळेत जात होते. तिच्याजवळ तू होतीस. ती गेली तेव्हा अंघोळ घालायला आलेल्या बायका म्हणाल्या, आठ महिने पडून होती, पण पाठ कशी कोवळी आहे बघा. मी तिथेच उभी होते. मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलताहेत. नसलेला चट्टा दिसत नाही. तेव्हा मला तो दिसला नाही, आणि म्हणून दाखल्यात आला नाही.

हे डागण्या द्यायला किंवा घ्यायला लिहिलेलं नाही. तुला दाखल्याचं आधीपासून माहीत असेल तर माहीत असलेलंच परत वाचलंस. माहीत नसेल तर आता झालं.

— अक्का

सांगली, २४ डिसेंबर १९४४

शरयू,

काल कमिटी आली. दादासो आणि दोघे जण. मागे डॉक्टर, त्यांच्यामागे वही घेऊन कंपाउंडर. लीलाबाई दालनाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हातारीला पाणी पाजत होती. तिने मान वर केली नाही.

दादासो सभ्य गृहस्थ आहेत. विचारपूस केली, मग म्हणाले, "बाई, तुमची चिठ्ठी वाचली. तुम्हाला अभिप्राय मागे घ्यायचा आहे. मग सांगा, तुम्ही लिहिलंत ते खोटं आहे का?"

आठ दिवस मी या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. मला ते म्हणता आलं नाही. चादर पाचव्या दिवशी बदलत होते, ते बदलत होते.

"नाही. शब्द न् शब्द खरा आहे."

"मग?"

"अपुरा आहे."

"अपुरा म्हणजे खोटा नव्हे, बाई. तुम्हाला दया आली आहे, हे तुमच्या मनाचं मोठेपण. पण आम्हाला रुग्णांची सोय बघायची आहे. बाकी चौदा जणींनीसुद्धा तिच्याविषयी एक चांगला शब्द लिहिलेला नाही." आणि ते वळले.

त्यांच्या तोंडून माझंच बोलणं निघत होतं. दांडीला धरून मी चार बोटं वर झाले; तेवढंच होता आलं.

तेव्हा साळूबाई बोलली. "आवं दादासो, थांबा की वाईच. त्या चौदाजणींनी सांगितलं येक, आन हिनं लिवलं दुसरंच. मी हितंच पडून समदं ऐकलंय. माजी बोटं कापल्यात, कान न्हाई."

दादासो परत आले. साळूबाईकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "ही म्हणते ते खरं?"

ती अडाणी बाई होती आणि मी बी.ए. मी नुसती गप्प राहिले असते तरी तिचं कोणी मानलं नसतं. लीलाबाईच्या हातातलं भांडं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"खरं आहे," मी म्हटलं. "वही द्या."

वही छातीवर उभी धरून मी लिहिलं. शाई उलटी वाहते, म्हणून पेन्सिलीने. नक्कल देते:

"पृष्ठ ४१ ते ४७ वरील चौदा अभिप्राय माझ्या हातचे आहेत. ते रुग्णांचे नाहीत. रुग्णांनी जे सांगितले ते मी गाळले व जे सांगितले नाही ते घातले. अंगठे त्यांचे, शब्द माझे. चौदांपैकी बारा जणींनी परिचारिका लीलाबाई यांचे नाव घेतले होते. या वहीतील माझ्या हातच्या कोणत्याही मजकुरावर, पृष्ठ ४० वरील तक्रारीसह, विसंबून निर्णय घेऊ नये. — विनोदिनी, बी.ए."

दादासोंनी ते दोनदा वाचलं. "बाई, याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? तुम्ही शाळा चालवता. साताऱ्याच्या तुमच्या शाळेच्या मंडळावर माझे मेहुणे आहेत."

"कळतो."

डॉक्टर मधेच म्हणाले, "म्हणजे माझ्याविषयी जे लिहिलंय... 'डॉक्टरसाहेब दक्ष असतात'... तेसुद्धा?"

"तुमच्याविषयी कोणी काही बोललंच नव्हतं, डॉक्टर. ते मी घातलं."

साळूबाईने तोंडात पदर कोंबला. मला मात्र हसू आलं नाही. डॉक्टरांचा चेहरा खरोखर पडला. पुन्हा पुन्हा ते वाचून या माणसाला बरं वाटत असेल.

ज्या वहीवर विसंबता येत नाही तिच्या आधाराने कोणाला काढता येत नाही, एवढं कमिटीला मान्य करावं लागलं. लीलाबाईची चिठ्ठी 'तूर्त' परत घेतली आहे. तूर्त म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नाही. वही कपाटात गेली. माझ्याकडे ती पुन्हा यायची नाही.

दुपारी लीलाबाई आली. आभार नाहीत, काही नाही. म्हणाली, "दांडी धरा. आन आज डोळे उगडे ठिवा, बाई. मिटले की येक कमी भरतंय."

आणखी पाच आठवडे आहेत.

— अक्का

सातारा, ११ फेब्रुवारी १९४५

शरयू,

बाराव्या आठवड्याला वाळूची पिशवी सोडली. हाड जुळलं आहे, पाय बोटभर आखूड झाला आहे. घरी आणून टाकलं. दोन कुबड्या, एक खोली. जिना उतरायची परवानगी नाही. खिडकीतून शाळेचं छप्पर दिसतं. तास झाल्याची घंटा ऐकू येते आणि दर वेळी मी उठायला जाते.

शाळेच्या मंडळाने लेखी खुलासा मागितला. मी एकच ओळ लिहिली, की वहीत लिहिलं आहे ते बरोबर आहे. मला एप्रिलपासून मोकळं केलं आहे. विद्यार्थिनींसमोर कोणता आदर्श, वगैरे. मसुदा चांगला आहे. मीच शिकवलेल्या कोणीतरी लिहिलेला असावा.

येण्याआधी साळूबाई घरी गेली. वही आता कंपाउंडर भरतो, त्याने 'सोय चांगली आहे' लिहिलं. ती जाताना माझ्या खाटेशी थांबली. "मास्तरीणबाई, जोतिबाचं पत्र आलंया. कोन वाचंल?" मी वाचलं. त्याने जसं लिहिलं होतं तसंच, एक शब्द न बदलता. त्याच्या छावणीत एक कुत्रं आहे, ते त्याच्या ताटात तोंड घालतं, असं सबंध पानभर होतं. ती म्हणाली, "परत वाचा." मी तीनदा वाचलं.

लीलाबाई अजून कामावर आहे. तूर्त.

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. पहिल्यात माझ्या पाठीची चौकशी होती, दुसऱ्यात पायाच्या व्यायामाची. मी लिहिलेल्या बाकी कशाचंही उत्तर नाही. ते मागायचा हक्क मला नाही आणि मी मागत नाही.

एकच विचारायचं आहे. नागपूरहून आलेल्या तुझ्या शेवटच्या पत्रात शेवटून तिसरी ओळ होती. तेरा नंबरच्या खाटेवर एक म्हातारी आहे, ती मला लेकी म्हणून हाक मारते आणि मी गेल्याशिवाय जेवत नाही, असं तू लिहिलं होतंस. मी ती ओळ लाल शाईने खोडली आणि समासात लिहिलं, 'अप्रस्तुत'.

ती म्हातारी पुढे बरी झाली का? मी तेव्हा विचारलं नाही.

— अक्का